कर भरला कोठे, कमावला कोठे?

महाराष्ट्राच्या तिजोरीचा विषय निघाला की मुंबईचा आकडा पुढे केला जातो. देशातील प्रत्यक्ष करांचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या मुंबईत जमा होतो. मग मराठवाड्याने अधिक निधी कोणत्या तोंडाने मागावा, असे विद्यार्थीही वर्गात विचारतात. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावयास हवा.

कंपनीचा प्राप्तिकर सर्वसाधारणपणे तिचे नोंदणीकृत कार्यालय जेथे असेल तेथील खाती पडतो. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, हिंदुस्थान पेट्रोलियम यांची मुख्यालये मुंबईत आहेत. परतूर तालुक्यातील ठेवी, तेथील कर्जावरचे व्याज, विम्याचे हप्ते, पंपावर विकलेले डिझेल यांतून होणाऱ्या नफ्यावरील कर मुंबईच्याच आकड्यात मिसळतो. मुंबईची कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. पण कर जमा करणे आणि संपत्ती निर्माण करणे या एकच गोष्टी नव्हेत.

वाटूरच्या कापूस उत्पादकाचे नाव प्राप्तिकराच्या यादीत सहसा नसते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. परंतु फवारणीचे औषध, पाइप, ट्रॅक्टरचे सुटे भाग यांवर तो वस्तू व सेवा कर भरतोच. व्यापाऱ्याला आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, शेतकऱ्याला ती मिळत नाही. हा करदाता कोणाच्याच हिशेबात दिसत नाही.

शहराशहरांतील अंतराचेही असेच आहे. पोलाद आणि बियाण्यांसाठी देशभर नाव असलेल्या जालन्याच्या नगरपालिकेची जकात १९९९ साली गेली. मुंबईची जकात २०१७ पर्यंत टिकली, आणि ती गेली तेव्हा कायद्याने भरपाई ठरली: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष, त्यावर दरसाल ८ टक्के वाढ. ज्याचे उत्पन्न मोठे त्याची भरपाई मोठी, म्हणजे जुनी विषमताच चक्रवाढीने पुढे चालू! २०२३ मध्ये महानगरपालिका झालेल्या जालन्याची मदार मालमत्ता कर आणि शासकीय अनुदान यांवरच आहे.

दांडेकर समितीने १९८४ साली राज्याच्या सरासरीशी तुलना करून ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजला. त्यात मराठवाड्याचा वाटा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास होता. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आता निदान एवढे तरी व्हावे: कर कोणत्या कार्यालयात भरला गेला याऐवजी ते उत्पन्न कोणत्या जिल्ह्यात निर्माण झाले, याचा तक्ता शासनाने दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवावा.