हरलो म्हणजे चुकलो का?



माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात नोकरी करतो. गेल्या डिसेंबरात एका मंगळवारी रात्री त्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला होता. घरी कोणी आजारी तर नाही ना, असे मी काळजीने विचारले. तो म्हणाला, “तसं काही नाही, मामा. मी उपान्त्य फेरीत हरलो, आणि माझ्याच मूर्खपणानं हरलो. ज्याला खेळवायला हवं होतं, त्यालाच बाहेर बसवलं.”

आता हा भाचा कोणत्याही मैदानावर उतरलेला नव्हता. तो खेळत होता फॅन्टसी फुटबॉल, म्हणजे कागदावरच्या संघांचा फुटबॉल. तो मूर्ख मुळीच नव्हता, असे माझे मत आहे. हे मत मी तुमच्यापुढे मांडणार आहे, कारण त्याने जी चूक केली ती खेळात केली नाही, खेळ संपल्यावर विचार करताना केली. आणि ती चूक आपण सगळेच रोज करतो.

प्रथम खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यातला चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा आणि प्रतिपक्षाच्या टोकाकडील पट्ट्यात पोचवायचा. तो तेथे पोचला की ‘टचडाउन’ झाले. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाच्या मालकांपैकी एक, बिल विंकेनबाख, यांनी काही सोबत्यांसह न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून एका नव्या खेळाचे नियम तयार केले. १९६३ साली ओकलंडमध्ये तो प्रत्यक्ष खेळला गेला. कल्पना साधी आहे. दहा-बारा मित्रांनी खऱ्या संघांतील खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. आपल्याकडील खेळाडूंपैकी या आठवड्यात कोणाला खेळवायचे आणि कोणाला राखीव ठेवायचे, हे सामन्यापूर्वी ठरवायचे. मग ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. चेंडू घेऊन १० यार्ड पळाल्यास सामान्यतः १ गुण, टचडाउनला ६ गुण. आपल्याकडे क्रिकेटच्या बाबतीत असाच प्रकार तुम्ही पाहिला असेल. (त्यात पैसे लावण्याचे जे वेड पसरले होते, त्याचे मी समर्थन करीत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. भाच्याच्या कचेरीतील लीगमध्ये पैशाचा संबंध नाही.)

दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी लढत होते. साधारण १४ आठवडे असे झाले की वरचे काही संघ बाद फेरीत जातात. पुष्कळ लीगमध्ये ही फेरी १५, १६ आणि १७ व्या आठवड्यात असते. खरा हंगाम १८ आठवड्यांचा आहे, पण शेवटच्या आठवड्यात स्थान पक्के झालेले बलवान संघ आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. म्हणून तो आठवडा बहुधा टाळतात. बाद फेरीत एकदा हरला की वर्ष संपले. सगळी घालमेल असते ती यामुळेच.

भाच्याची अडचण अशी होती. सोमवारी रात्रीचा शेवटचा सामना बाकी होता. त्या सामन्यात खेळणारे दोन खेळाडू त्याच्याकडे होते, पण जागा एकच उरली होती. जिंकायला त्याला ११ गुण हवे होते. हा प्रसंग आपण फाशांच्या साहाय्याने सोपा करून पाहू. समजा, एक खेळाडू स्थिर स्वभावाचा आहे. त्याच्या फाशाच्या सहा बाजूंवर १०, ११, १२, १२, १३ आणि १४ हे आकडे आहेत. दुसरा लहरी आहे. त्याच्या फाशावर २, ४, ६, ८, २० आणि २६ हे आकडे आहेत. स्थिर खेळाडूची सरासरी १२ येते, लहरीची ११.

११ किंवा अधिक गुण हवे असतील तर स्थिर खेळाडूच्या सहापैकी पाच बाजू आपल्या उपयोगाच्या आहेत. लहरी खेळाडूच्या फक्त दोन. म्हणजे निवड उघड आहे. माझ्या भाच्याने तीच केली. त्या रात्री स्थिर खेळाडूच्या फाशाची जणू १० ची बाजू वर आली आणि राखीव बसलेल्या लहरी खेळाडूची २६ ची! भाचा एका गुणाने हरला.

आता हाच प्रश्न थोडा बदलून पाहा. समजा, जिंकायला १८ गुण हवे असते, तर? स्थिर खेळाडूची एकही बाजू तेथवर पोचत नाही. लहरी खेळाडूच्या दोन बाजू पोचतात. म्हणजे त्याची सरासरी कमी असूनही अशा वेळी त्यालाच खेळवणे शहाणपणाचे. आपण पुढे असू तर स्थिरता जपावी, फार मागे असू तर चढउतार जवळ करावा. केवळ सरासरी पाहून निर्णय घेता येत नाही. आकड्यांचा पसारा किती आहे आणि आपली गरज किती आहे, हेही पाहावे लागते. गणिताच्या तासाला सरासरीनंतर ‘प्रमाण विचलन’ का शिकवतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

याच दोन फाशांतून आणखी एक गोष्ट निघते. लहरी खेळाडूला २० किंवा २६ मिळाले की तो स्थिर खेळाडूच्या पुढे जातो, एरवी मागे राहतो. म्हणजे तीनदा खेळल्यास सरासरीने एकदा तरी राखीव बसवलेला खेळाडूच अधिक गुण करणार. निर्णय दर वेळी अगदी बरोबर घेतला तरी तीनांत एकदा तुम्हाला हळहळावे लागणार. ही हळहळ म्हणजे चूक केल्याचा पुरावा नव्हे. ती या खेळाची ठरलेली किंमत आहे.

बाद फेरीत हा प्रकार अधिकच बोचतो. समजा, तुमचा संघ इतका सरस आहे की कोणाशीही गाठ पडली तरी १०० पैकी ६० वेळा तुम्ही जिंकाल. तीन फेऱ्या ओळीने जिंकण्याची संभाव्यता किती? ०.६ चा घन करा. उत्तर येते ०.२१६. सर्वांत सरस असूनही १०० पैकी सुमारे ७८ वेळा विजेतेपद दुसऱ्याकडे जाईल! पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात लंबकाच्या एकाच आंदोलनाचा काळ मोजून आपण थांबत नाही, वीस आंदोलनांचा मोजतो. १६ निरीक्षणांच्या सरासरीतील अनिश्चितता एका निरीक्षणातील अनिश्चिततेच्या चौथा हिस्सा असते. चौदा आठवड्यांत खरे कौशल्य थोडेफार दिसते. एका रात्रीत ते दिसेलच असे नाही.

एक खरे उदाहरण सांगतो. २५ डिसेंबर २०२० रोजी न्यू ऑर्लीन्स सेंट्स संघाचा अल्विन कमारा मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध खेळताना १५५ यार्ड पळाला आणि त्याने पळून ६ टचडाउन केले. एर्नी नेव्हर्स याने १९२९ साली केलेल्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. केवळ पळण्याचे त्याचे गुण झाले ५१.५. अनेक लीगच्या अंतिम फेरीचा तोच आठवडा होता. त्या हंगामात त्यापूर्वीच्या १४ सामन्यांत मिळून त्याने पळून १० टचडाउन केले होते, म्हणजे सामन्याला एकाहूनही कमी. ज्यांची गाठ कमाराच्या मालकाशी पडली, त्यांनी आपला संघ कितीही विचारपूर्वक निवडला असला तरी काय करणार? आणि कमारा पुढचा सामना खेळला १० जानेवारी २०२१ रोजी. त्यात त्याने एक टचडाउन केले. तो खेळायचा विसरला होता काय? नाही. असाधारण कामगिरीत कौशल्याबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. पुढच्या वेळी कौशल्य राहते, योगायोग राहतोच असे नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसले होते. फार उंच आई-वडिलांची मुले इतरांहून उंच असतात, पण सरासरीने आई-वडिलांइतकी नाही. तेव्हा ‘गेल्या आठवड्यात याने तीन टचडाउन केले, आता यालाच घ्या’ हा सल्ला ऐकताना सावध राहावे. टचडाउन थोडे होतात, म्हणून त्यांची संख्या फार हेलकावते. खेळाडूच्या हाती चेंडू किती वेळा दिला जातो, हा आकडा त्यामानाने स्थिर असतो. जाणकार तो आधी पाहतात.

येथे कोणी विचारील, मग सगळे नशिबावरच सोडायचे का? मुळीच नाही. जे आधी कळू शकत होते ते न पाहणे, ही खरी चूक. सामना सुरू होण्याच्या ९० मिनिटे आधी न खेळणाऱ्या खेळाडूंची यादी जाहीर होते. ती न पाहता जायबंदी खेळाडूला संघात ठेवणे हा आळस झाला. सामना डेट्रॉइटच्या छपराखालच्या मैदानावर आहे की बफेलोच्या उघड्या मैदानावर, तेथे जोराचा वारा आहे का, हेही पाहता येते. जोराच्या वाऱ्यात लांब फेकलेला चेंडू भरकटतो. हे काहीच न पाहता एखादा जिंकला, तर त्याचे अभिनंदन करावे, पण अनुकरण करू नये. चुकीच्या निर्णयातून मिळालेला विजय अधिक घातक असतो, कारण तो चुकीची सवय पक्की करतो.

मी भाच्याला एवढेच विचारले, “सोमवारी जी माहिती तुझ्या हाती होती, तीच पुन्हा हाती असती तर कोणाला खेळवलं असतंस?” तो थोडा थांबून म्हणाला, “त्यालाच.” “मग निर्णय कुठं चुकला?” असे मी विचारले. त्याचे समाधान झाले की नाही हे मला ठाऊक नाही. हरल्याचे दुःख गणिताने जात नाही. पण आता तो एक वही ठेवतो. सामन्यापूर्वी तीत निर्णय, त्याची कारणे आणि यशाची अंदाजी संभाव्यता लिहितो. निकाल नंतरच्या रकान्यात येतो.

ही वही तुम्हीही ठेवा, असे माझे सांगणे आहे. त्यासाठी फुटबॉलची गरज नाही. उद्या पाऊस पडेल का, शाळेच्या सामन्यात कोण जिंकेल, अशा साध्या गोष्टी पुरेत. जेथे जेथे तुम्ही ‘तीनांत दोनदा’ असे लिहिले, ती सर्व पाने वर्षअखेर एकत्र काढा. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खरी ठरली असतील तर तुमची पारख चांगली आहे. सगळीच खरी ठरली असतील तर तुम्ही उगीच भीत होता, आणि निम्मीही ठरली नसतील तर उगीच खात्री बाळगत होता. लिहिताना मात्र आधी लिहायचे. निकाल कळल्यावर ‘मला वाटलेच होते’ असे मन सांगू लागते, आणि ते नेहमीच खरे बोलते असे नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. प्रयोगशाळेत गुरुत्वीय त्वरणाचे उत्तर ९.८ आले की आपण पूर्ण गुण देतो. दोन चुका एकमेकींना मारून ते आले असेल, हे आपण पाहत नाही. दुसऱ्या मुलाने नीट मोजून ९.५ आणले तर त्याचे गुण कापतो. मीही अनेक वर्षे हेच केले आहे. यातून मुले एकच धडा घेतात, तो म्हणजे उत्तर जुळले की झाले. मग ती आकडे खोडून जुळवतात. असे करणाऱ्या मुलांना रागावण्याआधी आपण गुण कशाला देतो, हे एकदा तपासून पाहू या.

आणि मित्रहो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. सापशिडीचे दोन फासे घ्या, बाजूंवर वर दिलेले आकडे चिकटवा आणि साठ वेळा टाका. लहरी खेळाडू सुमारे वीस वेळा पुढे गेलेला दिसेल; थोडे कमी, थोडे जास्त. त्या वीस वेळांपैकी एका वेळी माझा भाचा होता.