दिवा लागतो, पण चाक ओढत नाही

माझ्याकडे गाडी नाही. स्कूटी आहे, आणि ती पहिल्या किकला सुरू झाली तरी मला इंजिनीअर झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे मागच्या मे महिन्यात आत्याचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘शनिवारी ये, गाडीचं फोर व्हील बघायचंय,’ तेव्हा मला वाटलं, हिने चुकून मला लावला.

‘आत्या, मी मास कॉम केलंय. मेकॅनिकल नाही.’

‘म्हणूनच. गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे. तू वाच, मी करते.’

माझ्या डिग्रीचा इतका थेट उपयोग आजवर कुणीच सांगितला नव्हता. गेले.

आत्या मुळशीत राहते, ताम्हिणीच्या बाजूला. वय छप्पन्न, नऊ गाई, एक डबल केबिन पिकअप. रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन ती स्वतः खाली संकलन केंद्रावर जाते. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटरचा लाल मातीचा चढ-उतार. उन्हाळ्यात तो रस्ता असतो, पावसाळ्यात नसतो. आणि तिथला पाऊस म्हणजे आपण बाल्कनीत भजी खात बघतो तो नव्हे. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर कोसळला होता. म्हणजे फोर बाय फोर हा तिथे मागच्या काचेवर चिकटवायचा स्टिकर नाही, ती गरज आहे.

आणि त्याच्या आधीच्या पावसाळ्यात नेमकं तेच चाललं नाही. रात्री दोन वाजता शेजारच्या सुनेच्या कळा सुरू झाल्या. आत्याने तिला पिकअपमध्ये घेतलं, नॉब ‘४एच’वर फिरवला, मीटरमध्ये हिरवा दिवा लागला. पहिल्याच चिखलाच्या वळणावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि पुढची ढिम्म. वस्तीतल्या माणसांनी ढकलून गाडी बाहेर काढली, त्यात पाऊण तास गेला. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप, मुलगी आता अंगणात रांगते. पण आत्या त्या रात्रीबद्दल बोलत नाही. एवढंच म्हणते, ‘दिवा लागला होता गं.’

नंतर तिने गाडी शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, ‘ट्रान्सफर केस गेली, बदलावी लागेल.’ खर्च ऐंशी हजारांच्या वर. आत्या काही न बोलता गाडी घेऊन परत आली. जूनला तीन आठवडे उरले होते. (गाडी कुठल्या कंपनीची ते विचारू नका. पुढे कळेलच, गुन्हेगार भलताच निघाला.)

शनिवारी सकाळी अंगणात चटई टाकून मी पुस्तक वाचायला बसले. आतेभाऊ पाने घेऊन तयार, आत्या कमरेला पदर खोचून उभी. मला कळलं ते असं. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. नॉब ‘४एच’वर केला की गाडीखालच्या ट्रान्सफर केसमध्ये एक छोटी मोटर गिअर सरकवते आणि ताकद पुढच्या शाफ्टलाही मिळते. पण तेवढ्याने काम होत नाही! पुढच्या दोन्ही चाकांच्या हबमध्ये एकेक लॉक असतं. ते बसलं, तरच चाक शाफ्टला जोडलं जातं. नाहीतर शाफ्ट आपला फिरतोय आणि चाकाला पत्ताच नाही.

हे लॉक म्हणे आधी नसायचंच. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीपा लोक साध्या रस्त्यावर चालवायला लागले तेव्हा पुढचा सगळा पसारा उगाच फिरत राहायचा, पेट्रोल खायचा, झिजायचा. मग १९४८मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने गरज नसताना पुढची चाकं मोकळी सोडणारे हब विकायला काढले. जुन्या गाड्यांत खाली उतरून ते हाताने फिरवावे लागतात. आत्याच्या गाडीत ते हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, आपोआप बसतात. बसायला हवेत, असं म्हणू या.

आणि मीटरमधला तो हिरवा दिवा? या गाडीत तो फक्त ट्रान्सफर केसची बातमी देतो. चाकाचं काय झालं, त्याला माहीत नसतं. मला एकदम आमचं फील्ड आठवलं. दिवा म्हणजे प्रेस नोट. छापायला सोपी, पण स्पॉटवर कुणी गेलेलंच नाही.

मग आम्ही स्पॉटवर गेलो.

पहिली तपासणी कानाने. इंजिन बंद, चावी ऑन, क्लच दाबून नॉब फिरवायचा आणि गाडीखाली कान द्यायचा. ‘घर्रर्र... टक्!’ स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे मोटर जिवंत, फ्यूज आणि वायरिंगही ठीक. आवाज आलाच नसता तर आधी फ्यूज, मग मोटरचा कपलर उघडून त्यात चिखल-पाणी गेलंय का ते बघायचं होतं. गॅरेजवाल्याने मारून टाकलेली ट्रान्सफर केस निदान श्वास घेत होती.

दुसरी तपासणी मला फार आवडली, कारण तिला एकही मीटर लागत नाही. ‘४एच’ टाकून गाडी मातीतच चार पावलं पुढे घेतली, गिअर नीट बसावा म्हणून. मग हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला. पुढची दोन्ही चाकं उचलून खाली लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही, आणि गाडीखाली तर जायचंच नाही. व्हॅक्यूमसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं, म्हणून आतेभावाला केबिनमध्ये बसवलं. त्याला काम एकच, कशालाही हात न लावणं. त्याला ते सगळ्यात अवघड गेलं.

आता एक चाक हाताने फिरवायचं. लॉक बसलं असेल तर समोरचं चाक उलट्या दिशेला फिरतं. कारण पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसमधून मागच्या चाकांना जखडलेला, तो हलू शकत नाही. मग मधला डिफरन्शियल एका चाकाची गती दुसऱ्याला उलटी देतो. मी डावं चाक फिरवलं. मस्त मोकळं फिरलं. उजवीकडे आत्या उभी. तिच्या बाजूचं चाक शांत.

‘हललं?’

‘नाही.’

म्हणजे लॉक बसत नव्हते. वर सगळं ठीक, खाली काहीच पोचत नाही. (ओळखीचं वाटतंय ना? आमच्या एका ऑफिसात असंच होतं.)

पुस्तकात पुढचं वाक्य होतं, हबची व्हॅक्यूम नळी काढून ओढ आहे का बघा. इंजिन चालू, नॉब ‘४एच’वर, आणि नळीच्या तोंडावर अंगठा. मी अंगठा ठेवला. काही नाही. ‘व्हॅक्यूम म्हणजे आत्या, कसं सांगू, हवा जी असते ना...’ मी समजावायला गेले. ती माझ्याकडे बघतच राहिली.

‘अगं, दुधाच्या मशीनसारखंच की हे!’

तिथून पुढे माझी गरज संपली. गोठ्यातलं दूध काढायचं मशीनही व्हॅक्यूमवरच चालतं. सडाला लावलेला कप निसटायला लागला की आत्या पंपाकडे धावत नाही. ती नळी धरून मागे मागे जाते, जोड जोड अंगठ्याने तपासते, फुस्स आवाज कुठे येतो ते ऐकते. वर्षानुवर्षं रोज दोनदा ती हेच करतेय. तिने पिकअपचं बॉनेट उघडलं आणि म्हणाली, ‘ब्रेक तर नीट लागतोय, कडक झालेला नाही. त्यालाही ओढ याच पंपाची ना? मग पंप बरा आहे.’ मी पुस्तक चाळलं. पंप खरंच एकच होता. मी पुस्तक मिटलं.

पंप बरा. पुढे सोलेनॉइड, म्हणजे नॉब फिरवल्यावर ओढ हबकडे सोडणारी विजेवरची तोटी. तिच्या बाहेरच्या तोंडावर अंगठा ठेवला तर चक्क चिकटला. इथपर्यंत ओढ आहे, हबपाशी नाही. म्हणजे चोर मधल्या नळीत. इंजिन बंद करून आतेभावाने टॉर्च धरला. चाकाच्या कमानीच्या आत, चिखलाच्या थराखाली, रबरी नळी दोन बोटं रुंद कुरतडलेली. दातांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. दोन्ही हबांकडे फाटा फुटतो त्याच्या जरासं आधी, त्यामुळे दोन्ही चाकं एकदमच गेली.

उंदीर! गाडी शेडमध्ये उभी राहते, आणि शेजारी पेंडीची पोती.

मग मी हुशारी केली. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घरात पडली होती. कापून बसवली. इंजिन सुरू केलं आणि दोन मिनिटांत नळी चपटी झाली, लस्सी संपल्यावर स्ट्रॉ होते तशी. ओढ सहन करायला जाड भिंतीची नळी लागते, आणि इंजिनाची धग सोसणारी. हेही आत्याला माहीत होतं. पण तिने मला करू दिलं.

आतेभाऊ पौडला जाऊन मीटरभर व्हॅक्यूम होज आणि चार क्लिपा घेऊन आला. एकशे नव्वद रुपये. परत स्टँड, परत दगड, परत आतेभाऊ केबिनमध्ये हात बांधून. मी डावं चाक फिरवलं, आत कुठेतरी ‘खट्’ झालं आणि चाक एकदम जड लागलं.

‘फिरलं! उलटं फिरलं!’ आत्या ओरडली. गोठ्यातल्या दोन गाईंनी माना वर केल्या.

खरी परीक्षा गोठ्यामागच्या उतारावर, जिथे धुण्याचं पाणी साचून बारमाही चिखल असतो. डांबरावर मुद्दाम नाही घेतली. अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये वेगाचा फरक सांभाळायला काही नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीत चाक थोडं घसरून ते जुळवून घेतं, कोरड्या डांबरावर सगळा ताण गिअरवर येतो. असं चालवत राहिलं तर ट्रान्सफर केस खरोखरच जाईल. वीकेंडला एक्स्प्रेसवेवर स्टाइल म्हणून नॉब फिरवणाऱ्या मित्रांनो, वाचताय ना? आणि घर्षणाचा करकर आवाज येत असेल किंवा तेल गळत असेल, तर अंगणातली ही हौस आवरती घ्या आणि मेकॅनिककडे जा.

आत्याने गाडी चिखलात घातली. मागची चाकं जराशी घसरली, मग पुढून कुणीतरी हात धरून ओढावं तशी गाडी वर आली. वर आल्यावर तिने इंजिन बंद केलं आणि थोडा वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून तशीच बसली. मी काही विचारलं नाही.

संध्याकाळी तिने गॅरेजवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. ‘दादा, नळी उंदराने खाल्ली होती. तुम्ही बघितली होती का?’ पलीकडे बराच वेळ फक्त रेडिओ ऐकू येत होता.

पेंडीची पोती आता घराच्या ओसरीत हलवली आहेत. दर रविवारी दूध काढून झालं की आत्या नळीला अंगठा लावून बघते. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला तिचा फोन आला. पाऊस इतका की तिचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं.

‘खाली पोचले गं. दूध वेळेत गेलं. तू झोप.’