तू विचारलंस कधी?

गेल्या महिन्यात आमचा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोहल्ल्यातल्या धर्मादाय दवाखान्यासाठी त्याने आणि मित्रांनी रुग्णनोंदणीचे सॉफ्टवेअर बनवले होते. आठ दिवसांत दवाखान्यात पुन्हा जुनी वही उघडली गेली. "मामू, प्रोग्रॅममध्ये एकही चूक नाही, तरी वापरत नाहीत," तो म्हणाला.

आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. केस पेपरच्या खिडकीवरच्या आपा म्हणाल्या, "बेटा, मोबाईल नंबर टाकल्याशिवाय तुझा फॉर्म पुढे सरकत नाही. इथे कितीतरी बायकांकडे स्वतःचा मोबाईल नाही. कुणी मुलाचा नंबर देते, कुणी शेजारणीचा. दुसरी बाई त्याच नंबरवर आली की मशीन म्हणते, नोंद आधीच आहे. औषधासाठी आलेल्या बाईला मी परत पाठवू का?"

"आपा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी?"

आम्ही त्याला विचारले, गरजा लिहून काढल्या होत्या ना? तो खाली बघून म्हणाला, "एसआरएस लिहिलं होतं, मागच्या बॅचचं बघून." आमची मुले कोड लिहायला शिकतात, पण काय बनवायचे हे शोधायला शिकत नाहीत. एसआरएस म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय हवे याचा लेखी करार. तो मार्कांपुरता उरला की असे होते.

मोठ्यांचेही असेच झाले आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेने कोणती गाडी कुठे पाठवायची हे काम संगणकाकडे दिले. प्रत्येक गाडी कुठे आहे, रिकामी आहे की नाही, ही माहिती त्याला सतत अचूक मिळेल असे धरले होते. प्रत्यक्षात काही भागांत रेडिओचा संदेश पोहोचत नसे, धावपळीत बटणे चुकत. कुठे एकाऐवजी दोन गाड्या गेल्या, कुठे रुग्ण वाट बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी काही काम पुन्हा हातावर घ्यावे लागले. ४ नोव्हेंबरला प्रोग्रॅममधल्या एका चुकीने यंत्रणा बंदच पडली. ती चूक कोडची होती, पण पहिल्या दिवसाच्या गोंधळामागे चुकीची गृहीतके होती. गरजा ठरवताना गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना फारसे सामील केले नव्हते, हे १९९३ च्या चौकशी अहवालात नोंदले गेले.

मग करायचे काय? आधी जाऊन बसावे. काम कसे चालते ते बघावे, जुनी वही चाळावी, समासात काय लिहिलेले असते तेही वाचावे. फक्त ट्रस्टींशी बोलू नये. खिडकीवरची बाई, कंपाउंडर, रांगेतली आजी, सगळ्यांना विचारावे. "काय हवे?" एवढ्यावर थांबू नये. "मागच्या वेळी अडचण कधी आली? तेव्हा काय केलेत?" असे विचारावे. लिहिताना मोजता येईल असे लिहावे. 'सॉफ्टवेअर वेगवान असावे' याला अर्थ नाही. 'जुन्या रुग्णाची नोंद पाच सेकंदांत सापडावी' हे तपासता येते. शेवटी लिहिलेले सगळे त्याच माणसांना मराठीत वाचून दाखवावे. चूक कागदावर असताना एका ओळीत दुरुस्त होते.

भाचा तीन सकाळी खिडकीपाशी बसला. पहिल्या दिवशी आपांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या डब्यातले दिले. आता नोंद केस पेपरच्या नंबरवर होते, मोबाईल असला तर लिहायचा. वही मात्र आपांनी अजून कपाटात ठेवली आहे. आम्ही म्हणालो, राहू दे. तिच्यात अजून बरेच विचारण्यासारखे आहे.