पायाखालची जमीन

व्हिडिओ गेममधल्या शेवटच्या बलाढ्य शत्रूशी लढताना मैदानच आकसत जातं. 'फायनल फँटसी १४'मध्ये टायटनशी झुंज चालू असताना चबुतऱ्याची कड कोसळते आणि उभं राहायला थोडीच जागा उरते. साहित्यातली मंडळी याला पोरखेळ म्हणतात. मला ते पटत नाही.

लखनौच्या रेसिडेन्सीत पडक्या भिंतींवर आजही तोफगोळ्यांच्या खुणा दिसतात. १८५७ मध्ये वेढा घालणाऱ्यांनी तिच्याखाली सुरुंग खणले. आतल्यांनी ते गाठायला उलट सुरुंग खणले. धोका समोर होता तितकाच पायाखाली. ही गोष्ट संवादांत मावत नाही, ती जमिनीतच वाचावी लागते. गेमला हे कळलं आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. अशा लढतीत ढासळत्या जमिनीवर असतो तो योद्धाच, आणि हरला तर त्याला पुन्हा डाव मिळतो. विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले ते भिक्षुक म्हणून. हाती शस्त्र नाही, दुसरा डाव नाही. त्यांचा 'माझा प्रवास' हिंदीत नेला तो लखनौच्याच अमृतलाल नागरांनी. आकसणारं मैदान सर्वांत नीट दिसतं ते निःशस्त्र माणसाला. एकदा त्याच्या हाती खेळ द्या.