घसारा : वहीतला आणि चाकातला

वाणिज्य शाखेत पाऊल टाकले की पहिल्याच वर्षी ज्या शब्दाशी गाठ पडते तो म्हणजे घसारा. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्यासारख्याला 'डेप्रिसिएशन' हा शब्द डोंगराएवढा वाटला होता. पण 'घसारा' म्हटल्याबरोबर तो हातात आला. घासून होतो तो घसारा. या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारे माझे मित्र त्यालाच 'सवकळी' म्हणतात, आणि सवकळी म्हणजेही झिजणेच! सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, हिशेबातल्या या कलमाला दोन्ही भाषांनी झिजेचेच नाव दिले. असे असूनही आपण वहीत जो घसारा लिहितो त्याचा खऱ्या झिजेशी फारसा संबंध राहिलेला नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत वर्गात झाले नाही. ते झाले बेळगावपासून शेकडो कोस दूर, धार जिल्ह्यात, आमच्या पिकअपच्या डाव्या चाकाशेजारी उकिडवे बसून.

आमची गाडी भाड्याने चालते. एरवी विटा, वाळू, कधी भाजीपाला. गेल्या पौषात मात्र लांबचे भाडे आले. गावातल्या एका व्यापाऱ्यांना मोहनखेडा तीर्थावर स्वयंपाकाची मोठी भांडी पोचवायची होती. मोहनखेडा हे राजगडजवळ आहे. (शिवरायांचा राजगड नव्हे, धार जिल्ह्यातले गाव.) प्राकृत भाषेचा 'अभिधान राजेंद्र' हा सात खंडांचा कोश रचणारे जैन आचार्य राजेंद्रसूरी १९०६ साली राजगडला निवर्तले, त्यांची समाधी मोहनखेड्याला आहे, आणि पौष शुद्ध सप्तमीला तेथे मोठी यात्रा भरते. अप्पा गाडी चालवायला आणि मी सोबतीला. पुणे, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटचा नर्मदेवरचा पूल आणि धार असा रस्ता.

गाडीचे दुखणे आधीपासूनचे होते. सहा महिने तरी ती डावीकडे ओढत होती. गतिरोधकावरून उतरताना पुढून 'कट्ट' असा आवाज येई. डावा टायर आतल्या कडेने घासून गुळगुळीत झालेला. गावातल्या गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेले : "नोडोण, अलाइनमेंट करून बघू." अलाइनमेंट केली. चार आठवडे बरे गेले, पुन्हा तेच. मग पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. पुन्हा अलाइनमेंट. मग दोन नवे टायर, आणि नवे टायर घातले म्हणून आणखी एकदा अलाइनमेंट! या सबंध काळात गाडीचे पुढचे चाक जॅकवर उचलून, हाताने हलवून कोणी पाहिले नाही. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. आम्हीही कधी 'उचलून दाखवा' असे म्हटले नाही. बिल मागितले आणि दिले.

भांडी उतरवून परत निघालो, तर राजगडच्या बाजारात वळण घेताना तो 'कट्ट' इतका मोठा झाला की रस्त्यावरची माणसे वळून पाहू लागली. अप्पांनी जवळच्याच एका मिस्त्रीच्या दारात गाडी लावली. साठीचा माणूस, माळवी ढंगाची हिंदी. त्याने पान्याला हातच लावला नाही. आधी अप्पांना विचारले : आवाज सरळ रस्त्यावर येतो की वळताना? ब्रेक मारल्यावर येतो का? माल भरलेला असताना जास्त की रिकामी असताना? मग टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला. टायर एकाच कडेने झिजला तर चाकाचा कल बिघडलेला असतो. करवतीसारखे दाते आले तर चाकांचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असते. जागोजागी खळगे पडले तर चाक उड्या मारते आहे, म्हणजे शॉकअप गेलेला. हे सगळे तो शाळामास्तरासारखे सांगत होता. बॉनेटवर भार देऊन सोडला : गाडी वर आली आणि थांबली. म्हणजे शॉकअप ठीक. ठीक असणारच, आमचेच पैसे होते ते!

पुढे त्याने मला स्टीअरिंगवर बसवले आणि थोडेथोडे डावे-उजवे हलवायला लावले. स्वतः खाली निजून टाय रॉडच्या टोकांवर बोटे ठेवली. तेथे काही सापडले नाही. मग जॅक लावला, तोही चासीखाली नव्हे तर खालच्या आर्मखाली. यात मोठी मेख आहे. आमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना कमानीचे पाटे नाहीत. दोन आर्म आणि टॉर्शन बार आहे. सारा भार खालच्या आर्मवरून खालच्या बॉल जॉइंटवर येतो. चासी उचलली तर चाक लोंबते, टॉर्शन बार आर्मला खाली रेटत राहतो, सांधा ताणलेला राहतो आणि त्यातला ढिलेपणा लपतो. आर्म उचलला की सांध्यावरचा ताण जातो आणि तो मोकळेपणाने आपले दुखणे सांगतो. मिस्त्रीने चाक वर-खाली धरून हलवले : हलले. टायरखाली पहार घालून उचकले : पुन्हा हलले. आता प्रश्न, हा ढिलेपणा बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा? त्याने मला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर चाक नि आस एक होतात. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर सांधा. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला होता. चाक तरीही हलत होते.

खालच्या बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली होती. आत ग्रीस नव्हते, तांबडी माती होती. तो सांधा निखळला तर काय होते, हे मी विचारले. मिस्त्रीने बोलून नव्हे, तळहात आडवा करून दाखवले. चाक असे लवंडते. दोन रात्री आधी बिजासनच्या घाटात, पुढे ट्रक आणि मागे ट्रक, मी अप्पांच्या शेजारी गाढ झोपलो होतो.

सुटा भाग धारहून बसने मागवावा लागला. दुकानदार फोनवर अप्पांचे हिंदी ऐकून एकदम मराठीत बोलू लागला. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, तेव्हा नवल नाही. तरी त्या अडचणीत आपली भाषा कानी पडली की अर्धे काम झाल्यासारखे वाटते. भाग आल्यावर मिस्त्रीने आधी टॉर्शन बारच्या बोल्टवर रंगाची खूण केली आणि फेरे मोजत तो सैल केला. त्या बारमध्ये पिळाचे बळ साठलेले असते. ते न काढता सांधा सोडवणाऱ्याचा हात जातो. गाडी नुसत्या जॅकवर नव्हती, खाली लाकडी ठोकळे होते. जुना सांधा त्याने बोल्टवर घाव घालून काढला नाही. ज्या घरात तो बसलेला असतो त्या घराच्या बाजूवर दोन घाव घातले आणि तो सुटला. जुनी स्प्लिट पिन चांगली दिसते म्हणून अप्पांनी पुढे केली, तर त्याने ती दूर फेकली. काही रुपयांची पिन. पण नटाला राखते तीच.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्याने काय बदलले नाही ते. आर्मचे बुश चिरलेले होते. म्हणाला, घरापर्यंत जातील, तेथे बदला. उजवीकडचा सांधा थोडा हलत होता; तो म्हणाला, अजून आहे, नजर ठेवा. आणि अलाइनमेंट? ती सर्वांत शेवटी, बुश बदलल्यावर. सांधे ढिले असताना अलाइनमेंट करणे म्हणजे हलत्या भिंतीला ओळंबा लावणे! आम्ही तो तीनदा लावला होता.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला. तीन अलाइनमेंटचे २,७००, शॉकअपचे ४,४००, टायरचे १०,४००. एकूण १७,५०० रुपये. एक जुना शॉकअप खरोखरच गळत होता, म्हणून न्यायाने २,२०० वजा करू, उरले १५,३००. राजगडला लागले भाग ९००, मजुरी ६०० आणि बसने आणण्याचे १५०, म्हणजे १,६५० रुपये.

आता वहीकडे या. आयकराच्या हिशेबात भाड्याने चालणाऱ्या मालगाडीवर ऱ्हासमान शेषावर ३० टक्के घसारा मिळतो. सात लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी २,१०,००० आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या ४,९०,००० वर १,४७,०००. किती नीटनेटके! वहीतली झीज पहिल्या वर्षी सर्वांत जास्त आणि मग दर वर्षी कमी-कमी. चाकातली झीज नेमकी उलट चालते : पहिली वर्षे दिसतही नाही, आणि टोपी फाटली की आठवड्यांत होत्याचे नव्हते होते. कोणी म्हणेल, घसारा हा किंमत वाटून घेण्याचा मार्ग आहे, झीज मोजण्याचे यंत्र नव्हे. मान्य. आमच्या सरांनीही हेच शिकवले. माझी तक्रार पद्धतीवर नाही. घसारा लिहिला म्हणजे झिजेची दखल घेतली, या समाधानावर आहे.

त्याहून मोठी लबाडी जादा मालाची. गाडी दीड टनाची. विटांच्या हंगामात आम्ही दोन टन भरतो. हे लिहायला संकोच वाटतो, पण आमच्या भागात न भरणारा विरळा. जादा अर्ध्या टनाचे भाडे त्याच दिवशी जमेला येते. त्याने सांध्याचे जे झाले ते वर्षभराने 'दुरुस्ती' या खात्यावर, दुसऱ्याच नावाने येते. दोन्ही नोंदी खऱ्या, आणि त्यांचे नाते कोणतीही वही सांगत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. त्या दंडाला सगळे भितात, कारण तो दिसतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच की भाड्याच्या प्रत्येक गाडीला जमाखर्चाच्या वहीशेजारी आणखी एक वही असावी : कोणत्या किलोमीटरला काय भरले, काय वाजले, काय उचलून पाहिले. आणि चाक उचलल्याशिवाय सुटा भाग बदलू देऊ नये. असे म्हणताना मिस्त्री रागावेल, रागावू दे.

गावी आल्यावर आर्मचे बुश बदलायला गाडी त्याच गॅरेजमध्ये दिली. पोराने बुश बसवले आणि चाक हवेत लोंबत असतानाच बोल्ट करकचून आवळू लागला. मी म्हटले, थांब. बुशातले रबर फिरत नाही, पिळते. हवेत आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. आधी गाडी खाली घे, मग आवळ. पोराने मालकाकडे पाहिले, मालकाने माझ्याकडे. "बी. कॉम.ला हे पण शिकवतात काय रे?" मी काही बोललो नाही. गाडी खाली घेतली, दोघे पुढच्या बंपरवर उभे राहून दोनदा झुलले आणि मग पोराने बोल्ट आवळले.

रात्री मी नव्या वहीत तारीख, किलोमीटर, डावा खालचा बॉल जॉइंट आणि दोन्ही आर्मचे बुश एवढे लिहिले. अप्पा मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "उजवीकडचाही लिहून ठेव. तारखेची जागा मोकळी सोड."