बंद दीपगृहाचा दिवा वर्षातून एकदा लावावा

आपल्या बदलापूरकडे समुद्र नाही. बारवी धरणात पाणी पुष्कळ, पण जहाजे नाहीत, म्हणून दीपगृहही नाही. मग चौथीतल्या मुलाला दीपगृहाचं काय पडलंय, असे पालक विचारतील. माझे त्यावर मत आहे म्हणून लिहितो.

गोव्यात मांडवी नदी समुद्राला मिळते तिथे आग्वादचा किल्ला आहे. तो 1612 सालचा. पोर्तुगीज भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात. जहाजे तिथे थांबून गोडे पाणी भरून घेत. किल्ल्यावर 1864 मध्ये दीपगृह बांधले. गोल, पांढरे आणि चांगले जाडजूड. पुढे जवळच नवीन दीपगृह झाले आणि 1976 मध्ये जुने बंद केले. म्हणजे 112 वर्षे त्याने काम केले!

काही जण म्हणतात, बंद पडलेल्या वस्तूचं काय कौतुक? मला हे पटत नाही. अंबरनाथजवळ काकोळ्याला जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी धरण बांधले. ती इंजिने गेली म्हणून धरण कोणी फोडलं का?

अमेरिकेत सुपीरिअर नावाचे सरोवर आहे. आपल्या महाराष्ट्राचे चार भाग केले तर एका भागापेक्षा ते मोठे! 1905 च्या वादळात तिथे पुष्कळ जहाजे फुटली, म्हणून कड्यावर स्प्लिट रॉक हे दीपगृह बांधले. 1910 ला दिवा लागला, 1969 ला बंद झाला. नंतर 10 नोव्हेंबर 1975 ला त्या सरोवरात 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे जहाज बुडाले. 29 माणसे होती, एकही वाचला नाही. आता दरवर्षी त्या तारखेला लोक बंद दीपगृहापाशी जमतात. एकेक नाव वाचतात, घंटा वाजवतात आणि दिवा लावतात.

आग्वादलाही असेच करावे. तारीख 19 डिसेंबर ठेवावी, कारण 1961 मध्ये त्या दिवशी गोवा मुक्त झाला. त्याच किल्ल्याच्या तुरुंगात पोर्तुगिजांनी स्वातंत्र्यसैनिकांना कोंडले होते. 1946 मध्ये राममनोहर लोहियांनाही तिथेच ठेवले होते. वर दिवा जहाजांना वाट दाखवत होता आणि खाली ही माणसे कुलपात होती.

खर्च एका रात्रीचाच आहे. नवीन दीपगृहाच्या माणसांना आधी कळवावे, म्हणजे जहाजांचा घोटाळा होणार नाही. वर्गातली मुले म्हणतात, आपल्याला तो इथून थोडाच दिसणार? न दिसो. मांडवीच्या होडीवाल्यांना दिसेल.