कंपनीचे पैसे पडून, घराचं व्याज चालू: मग तिकडचे इकडे टाकायचे का?



मागच्या बॅचमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याने विचारलं, "सर, कंपनीच्या करंट अकाउंटला दहा लाख पडून आहेत, व्याज शून्य. घराच्या कर्जावर मी साडेआठ टक्के भरतोय. कंपनी माझीच. टाकू का तिकडचे इकडे?"

हिशोब मोहात पाडणाराच आहे. दहा लाख वर्षभर कर्जात राहिले तर 85,000 रुपये व्याज वाचतं.

पण आधी सांगा, तुमची "कंपनी" म्हणजे नक्की काय? प्रोप्रायटरशिप असेल तर पैसा कायद्याने तुमचाच. खुशाल काढा. त्यातही ओव्हरड्राफ्टवालं होम लोन घेतलं, म्हणजे स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखं, तर आणखी बरं. पैसे तिथे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि लागले की परत काढता येतात. फक्त रेट विचारा. 40 लाखांच्या कर्जावर पाव टक्का जास्त म्हणजे वर्षाला 10,000 गेले. सरासरी सव्वा लाखसुद्धा पडून राहत नसतील तर हा उद्योग करू नका. आणि सीसी वापरात असेल तर आधी ती भरा, बहुतेक वेळा तिचंच व्याज जास्त असतं.

आमचा फॅब्रिकेशनवाला मात्र प्रायव्हेट लिमिटेड निघाला. नवरा-बायको दोघेच शेअरहोल्डर. इथे "कंपनी माझीच" हे वाक्य चालत नाही. कंपनी कायद्याचं कलम 185 डायरेक्टरला कर्ज द्यायला आडवं येतं. छोट्या प्रायव्हेट कंपन्यांना 2015 पासून त्यातून काही अटींवर सूट आहे, आणि लोक तिथेच खूश होतात. खरा फटका इन्कम टॅक्सचा. 10 टक्के किंवा जास्त मतदान हक्क असलेल्या शेअरहोल्डरला अशा कंपनीने कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते लाभांश धरलं जातं. 1961 च्या कायद्यातलं हेच ते 2(22)(ई), सीए लोक ज्याच्या नावाने घाबरवतात. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये दहा लाखांवर तीन लाख टॅक्स, वर सेस. वाचवायला निघालो 85 हजार!

"मार्चच्या आत परत टाकतो की!" नाही चालत. तरुलता श्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलंय, त्याच वर्षात परत केलं तरी तो लाभांशच.

शिवाय त्या दहा लाखांत जीएसटीचे किती, टीडीएसचे किती, सप्लायरचे किती? ते बाजूला काढल्यावर आमच्या गड्याकडे सहाच उरले.

मग मार्ग? पगार वाढवा किंवा रीतसर लाभांश घ्या, टॅक्स भरा, उरलेलं कर्जात टाका. माझं मत विचाराल तर त्याच्याही आधी बॅलन्स शीट उघडा आणि "अनसिक्युअर्ड लोन फ्रॉम डायरेक्टर्स" ही ओळ बघा. सुरुवातीला मशीनसाठी, भाड्यासाठी तुम्ही खिशातून टाकलेले पैसे तिथे असतात. ते कंपनीने परत करणं म्हणजे तुम्हाला कर्ज देणं नव्हे, तुमचीच मुद्दल परत येणं. त्यावर टॅक्स नाही. आमच्या माणसाच्या बॅलन्स शीटमध्ये तिथे चार लाख वीस हजार होते. पाच वर्षं ते बिनव्याजी पडून, आणि हा घराचे हप्ते भरतोय.

काढण्याआधी सीएकडून लेजर जुळवून घ्या, आणि पैसे चेकनेच घ्या, रोखीने नाही.